घटक ४ : मुक्तस्रोत आज्ञावली आणि जुन्या आवृत्त्यांचा प्रश्न

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास –
● 'मुक्त' आणि 'मोफत' या संकल्पनांतील भेद स्पष्ट करता येईल.
● आज्ञावलीची 'आवृत्ती' म्हणजे काय आणि तिच्यावर इतर आज्ञावल्या कशा अवलंबून असतात, हे सांगता येईल.
● जुन्या आवृत्त्या काढून घेण्यावरून झालेल्या प्रमुख वादांचे स्वरूप समजेल.
● सांभाळणारा आणि वापरणारा या दोन्ही बाजूंच्या युक्तिवादांचे मूल्यमापन करता येईल.
● स्वतःच्या अभ्यासात वापरलेल्या आज्ञावलीची नोंद कशी ठेवावी, हे ठरवता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात युनिकोड आणि मराठी टंकलेखन यांचा परिचय आपण करून घेतला. या घटकात त्याच्या पुढचा एक प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. संगणकावर आपण जे लिहितो, मोजतो वा जतन करतो, ते कोणत्या तरी आज्ञावलीच्या कोणत्या तरी विशिष्ट आवृत्तीच्या आधारे करीत असतो. ती आवृत्ती उद्या मिळेनाशी झाली तर काय होईल? आणि ती काढून घेण्याचा अधिकार तिच्या कर्त्याला आहे काय?

एका अनुभवाने सुरुवात करू. काही वर्षांपूर्वी माझ्या मार्गदर्शनाखाली एक विद्यार्थिनी मराठी शब्दांच्या वारंवारतेवर प्रबंध लिहीत होती. शब्द मोजण्यासाठी तिने एक लहानशी मुक्तस्रोत आज्ञावली वापरली होती. मौखिक परीक्षेपूर्वी बहिःस्थ परीक्षकांनी प्रबंधातील एक कोष्टक पुन्हा काढून दाखवण्यास सांगितले. तिने तीच आज्ञावली नव्याने उतरवून घेतली, तिला तोच मजकूर दिला आणि आकडे मात्र वेगळे आले.

शोध घेता कारण सापडले. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द आपल्या परिचयाचे आहेत. पहिला गुरूसाठी, दुसरा स्वयंपाक करणाऱ्यासाठी. जुन्या संगणकीय मजकुरात दुसऱ्या शब्दातील अर्धा 'र' लिहिताना 'र्' आणि 'य' यांच्यामध्ये पुष्कळदा एक अदृश्य जोडचिन्ह घातलेले असते. आज्ञावलीची जुनी आवृत्ती हे चिन्ह निरर्थक समजून गाळत असे. परिणामी मजकुरातील सारे आचारी आचार्य होऊन बसले होते! नव्या आवृत्तीत ही चूक दुरुस्त झाली होती. म्हणजे नवे आकडे बरोबर होते. परंतु प्रबंधातील आकडे कसे आले, हे दाखवण्यासाठी जुनीच आवृत्ती हवी होती आणि ती सांभाळणाऱ्याने ती काढून टाकली होती.

आम्ही त्याला पत्र पाठवले. उत्तर सौम्य होते, पण ठाम होते. त्या आवृत्तीतील चुकीबद्दल लोक अजूनही तक्रारी करतात. मी हे काम नोकरीवरून घरी आल्यावर रात्री, विनामोबदला करतो. म्हणून ती आवृत्ती मी काढली. आमची गरज खरी होती, तशीच त्याची अडचणही खरी होती. या घटकाचा विषय हाच पेच आहे. त्या कोष्टकाचे पुढे काय झाले, ते घटकाच्या शेवटी पाहू.

४.२ काही मूलभूत संकल्पना

४.२.१ मुक्त आणि मोफत

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली चालवण्याचे, तिचा अभ्यास करून तीत बदल करण्याचे, तिच्या प्रती वाटण्याचे आणि बदललेल्या प्रतीही वाटण्याचे स्वातंत्र्य वापरणाऱ्याला असावे, ही या चळवळीची भूमिका. १९८९ साली या विचाराला कायदेशीर रूप देणारा 'जीपीएल' हा परवाना आला. १९९८ मध्ये 'ओपन सोर्स' ही संज्ञा प्रचारात आली. तिला आपण 'मुक्तस्रोत' म्हणतो.

इंग्रजीतील 'फ्री' या एकाच शब्दात स्वातंत्र्य आणि विनामूल्यता हे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत आणि त्यामुळे तिकडे पुष्कळ गोंधळ झाला. या बाबतीत मराठी सुदैवी आहे. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'मोफत' हे दोन स्वतंत्र शब्द आहेत. आपण ज्या विद्यापीठात शिकत आहात ते 'मुक्त' आहे, पण 'मोफत' नाही, हे प्रवेशशुल्क भरताना आपल्या ध्यानात आलेच असेल. तोच भेद येथे लक्षात ठेवावा. मुक्तस्रोत परवाना आपल्याला अधिकार देतो. ती वस्तू कोणी आपल्यासाठी कायम फुकट मांडून ठेवील, असे आश्वासन तो देत नाही.

४.२.२ आवृत्ती आणि अवलंबन

पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तरी पहिली आवृत्ती ग्रंथालयाच्या कपाटात राहते. प्रकाशक ती परत मागू शकत नाही. आज्ञावलीच्या आवृत्तीचे असे नसते. तिला सामान्यतः तीन अंकांची ओळख असते, उदाहरणार्थ २.१५.०. ती इंटरनेटवरील एखाद्या सामायिक भांडारात ठेवलेली असते आणि ज्याला हवी तो ती तेथून उतरवून घेतो. अनेकांच्या संगणकावर तिची कायम प्रत नसतेच. गरज पडेल तेव्हा ती भांडारातून नव्याने आणली जाते.

शिवाय आज्ञावल्या एकमेकींवर उभ्या असतात. एखादी मोठी आज्ञावली लिहिणारा प्रत्येक लहान काम स्वतः करीत नाही. दुसऱ्याने लिहिलेला तयार घटक तो भांडारातून घेतो. तो घटक आणखी एखाद्या घटकावर अवलंबून असतो. या संबंधास 'अवलंबन' म्हणतात. अशा वेळी पुष्कळ जण नेमकी आवृत्ती नोंदवून ठेवतात : 'मला अमुक घटकाची ०.०.३ हीच आवृत्ती हवी.' असे करण्यामागे अनवधानाने बदल होऊ नये हा विवेक असतो. पण तीच आवृत्ती भांडारातून नाहीशी झाली, तर वरची सगळी रचना अडते.

४.२.३ सांभाळणारा

आज्ञावली लिहून झाली की काम संपत नाही. चुका दुरुस्त करणे, इतरांनी सुचवलेले बदल तपासणे, सुरक्षेतील उणिवा बुजवणे, प्रश्नांना उत्तरे देणे हे काम वर्षानुवर्षे चालते. हे करणाऱ्यास इंग्रजीत 'मेंटेनर' म्हणतात. आपण त्याला 'सांभाळणारा' म्हणू. मोठ्या प्रकल्पांत हे काम पगारी मंडळी करतात, परंतु असंख्य लहान घटक एकेकटी माणसे फावल्या वेळात सांभाळत असतात.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
(अ) मुक्तस्रोत परवाना वापरणाऱ्याला कोणती चार स्वातंत्र्ये देतो?
(आ) 'अवलंबन' म्हणजे काय?

४.३ वादाची तीन उदाहरणे

४.३.१ अकरा ओळींचा घटक (२०१६)

'एनपीएम' हे जावास्क्रिप्ट भाषेतील घटकांचे जगातील सर्वांत मोठे भांडार. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या अकरा ओळींचा एक घटक होता. एखाद्या मजकुराच्या डावीकडे ठरावीक रुंदी भरेपर्यंत शून्ये वा रिकाम्या जागा भरणे, म्हणजे ७ चे ००७ करणे, एवढेच त्याचे काम. त्याचे कर्ते अझेर कोचुलू यांचा 'किक' नावाचा आणखी एक घटक होता. याच नावाच्या कॅनडातील संदेशसेवा कंपनीने ते नाव मागितले. कोचुलू यांनी नकार दिला. भांडाराच्या चालकांनी ते नाव कंपनीच्या स्वाधीन केले. याचा निषेध म्हणून २२ मार्च २०१६ रोजी कोचुलू यांनी आपले अडीचशेहून अधिक घटक भांडारातून काढून घेतले. त्यात 'लेफ्ट-पॅड'ही होता.

काही मिनिटांत जगभरच्या मोठमोठ्या प्रकल्पांची बांधणी अडू लागली. 'बॅबेल'सारखी अत्यंत प्रचलित साधने अनेक पायऱ्यांनी याच अकरा ओळींवर उभी होती. येथे आपल्या विषयाच्या दृष्टीने एक तपशील महत्त्वाचा आहे. दुसऱ्या एका प्रोग्रॅमरने थोड्याच वेळात तसाच घटक त्याच नावाने भांडारात घातला, परंतु त्याची आवृत्ती १.०.० होती. अडलेल्या अनेक प्रकल्पांनी मागितली होती ती ०.०.३. काम तेच, नाव तेच, तरीही रचना सुरू होईना. शेवटी भांडाराच्या चालकांनी सुमारे दोन तासांनी, कर्त्याने काढलेली जुनी आवृत्तीच आपल्या राखीव प्रतीतून परत आणली.

यावर दोन मते पडली. काहींच्या मते चालकांनी जनहित साधले. काहींच्या मते ज्याने लिहिले त्याच्या इच्छेविरुद्ध त्याचे लिखाण पुन्हा मांडणे हा अन्याय होता. कायद्याच्या दृष्टीने परवाना चालकांच्या बाजूने होता, कारण प्रती वाटण्याची परवानगी कर्त्याने आधीच सर्वांना दिलेली होती. यानंतर एनपीएमने नियम बदलला. घटक काढून घेण्याची मोकळीक सुरुवातीला प्रसिद्धीनंतर २४ तास आणि पुढे ७२ तास अशी मर्यादित करण्यात आली. त्या मुदतीनंतर, इतर घटक त्यावर अवलंबून असतील तर तो कर्त्याला सहजी काढता येत नाही.

४.३.२ 'महत्त्वाचा' ठरल्याचा त्रास (२०२२)

पायथन भाषेच्या घटकांचे भांडार 'पायपीआय' या नावाने ओळखले जाते. जुलै २०२२ मध्ये त्याच्या चालकांनी सर्वाधिक उतरवून घेतल्या जाणाऱ्या एक टक्का प्रकल्पांना 'महत्त्वाचे' असे घोषित केले. अशा प्रकल्पांच्या कर्त्यांना खात्यात प्रवेश करताना संकेतशब्दाखेरीज आणखी एक पडताळणी बंधनकारक केली जाणार होती. कोणी चोराने खाते बळकावून लाखो संगणकांत विष पेरू नये, हा त्यामागील हेतू.

'ॲटॉमिकराइट्स' या घटकाच्या कर्त्याला हे रुचले नाही. आपण छंद म्हणून केलेल्या कामाचे रूपांतर, आपल्याला न विचारता, जबाबदारीत केले जात आहे, असे त्याचे म्हणणे होते. 'महत्त्वाचा' हा शिक्का पुसला जावा म्हणून त्याने प्रकल्प काढून टाकला आणि नव्याने नोंदवला. त्यामुळे आधीच्या सर्व आवृत्त्या भांडारातून नाहीशा झाल्या आणि त्यांवर अवलंबून असणाऱ्यांची कामे थांबली. एकदा काढलेली संचिका त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही, असा त्या भांडाराचा नियम असल्याने कर्त्याला स्वतःहून चूक सुधारणेही शक्य नव्हते. अखेर चालकांनी जुन्या आवृत्त्या परत आणल्या.

पहिल्या उदाहरणात राग होता, या उदाहरणात थकवा आहे. परिणाम मात्र सारखाच झाला.

४.३.३ कंपनीने बंद केलेले दार (२०२५)

तिसरे उदाहरण व्यक्तीचे नसून कंपनीचे आहे. 'बिटनामी' हा उपक्रम पोस्टग्रेस, रेडिस यांसारख्या मुक्तस्रोत आज्ञावल्या वापरण्यास तयार अशा बांधलेल्या स्वरूपात विनामूल्य पुरवीत असे. स्वयंपाकाचे सामान दुसऱ्याचे, डबा भरून देण्याचे काम यांचे, असे म्हणता येईल. २०१९ मध्ये हा उपक्रम 'व्हीएमवेअर' कंपनीकडे आणि २०२३ मध्ये ती कंपनी 'ब्रॉडकॉम'कडे गेली.

२०२५ मध्ये घोषणा झाली की ऑगस्टअखेरपासून विनामूल्य सेवेत मोजक्याच आज्ञावल्यांचे केवळ नवीनतम रूप मिळेल. क्रमांक असलेल्या जुन्या आवृत्त्या 'लेगसी' नावाच्या वेगळ्या कोठारात हलवल्या जातील आणि तेथे त्यांना सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत. ज्यांना ठरावीक आवृत्ती निगराणीसह हवी, त्यांनी सशुल्क सेवा घ्यावी. जुना साठा पूर्णपणे बंद करण्याची मुदत पुढे २९ सप्टेंबरपर्यंत वाढवण्यात आली. डबा कसा भरावा याची कृती, म्हणजे बांधणीचा स्रोत, मुक्त परवान्याखाली उपलब्धच राहिली.

कंपनीचे म्हणणे असे की हजारो डबे तपासून, दुरुस्त करून ठेवण्यास खर्च येतो. वापरणाऱ्यांचे म्हणणे असे की वर्षानुवर्षे 'हे आमच्याकडून घ्या' असे सांगून सवय लावल्यावर दार अचानक अरुंद करणे योग्य नव्हे. अनेक संस्थांना आपल्या चालू यंत्रणेत काय काय कोठून येते, हे त्या वेळी प्रथमच तपासावे लागले.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
(अ) 'लेफ्ट-पॅड'ची नवी प्रत उपलब्ध होऊनही अडचण का सुटली नाही?
(आ) बिटनामीच्या बाबतीत कोणती गोष्ट मुक्त राहिली आणि कोणती सशुल्क झाली?

४.४ दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

४.४.१ काढून घेण्याच्या बाजूने

पहिला युक्तिवाद सुरक्षेचा. डिसेंबर २०२१ मध्ये जावा भाषेतील 'लॉगफोरजे' या घटकात अत्यंत गंभीर उणीव आढळली. परक्या माणसाला दुरून संगणकाचा ताबा घेता यावा, इतकी ती गंभीर होती. अपाची प्रतिष्ठानच्या स्वयंसेवकांनी लागोपाठ दुरुस्त आवृत्त्या काढल्या. तरीही सदोष आवृत्त्या भांडारात राहिल्या आणि लोक त्या उतरवून घेतच राहिले. ज्ञात धोका असलेली वस्तू मांडून का ठेवावी, हा प्रश्न गैरलागू म्हणता येणार नाही.

दुसरा युक्तिवाद श्रमाचा. जुनी आवृत्ती उपलब्ध असेपर्यंत तिच्याविषयीच्या तक्रारी येत राहतात. सांभाळणाऱ्याला दहा वर्षांपूर्वीच्या आपल्याच लिखाणाची उत्तरे द्यावी लागतात. तिसरा युक्तिवाद कर्तृत्वाचा. लेखकाला आपले कच्चे लिखाण मागे घ्यावेसे वाटू शकते, तसे प्रोग्रॅमरलाही वाटू शकते.

४.४.२ टिकवून ठेवण्याच्या बाजूने

येथेही पहिला युक्तिवाद स्थैर्याचा आहे. रुग्णालयातील यंत्र, कारखान्यातील नियंत्रक किंवा शाळेतील जुना संगणक नव्या आवृत्तीवर चालेलच असे नाही. नवे रूप चांगले असले तरी ते प्रत्येकाला लगेच पेलते असे नाही.

दुसरा युक्तिवाद पडताळणीचा. ज्या साधनाने निष्कर्ष काढला ते साधनच उपलब्ध नसेल तर निष्कर्ष तपासता येत नाही. लक्षात घ्या, चुकीचा निष्कर्ष तपासण्यासाठी तर चुकीची आवृत्तीच लागते. आचारी आणि आचार्य यांचा घोळ सिद्ध करायला घोळ करणारी आज्ञावलीच हाताशी असावी लागते.

तिसरा युक्तिवाद सहभागाचा. मुक्तस्रोत आज्ञावलीत एकाच माणसाचे लिखाण क्वचित असते. दुरुस्त्या सुचवणारे, भाषांतर करणारे, चुका कळवणारे असे अनेक हात त्यात असतात. किल्ली एकाकडे आहे, म्हणून घर एकाचे होते काय, असा हा प्रश्न आहे.

४.५ परवाना काय सांगतो?

वाद भावनेवर न ठेवता परवान्याचा मजकूर पाहिला, तर तीन गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली : दिलेला अधिकार सामान्यतः परत घेतला जात नाही. ज्याच्याकडे जुन्या आवृत्तीची प्रत आहे, तो ती मूळ परवान्यानुसार वापरू आणि वाटू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये 'हॅशीकॉर्प' कंपनीने 'टेराफॉर्म' या आज्ञावलीचा परवाना बदलून अधिक निर्बंध घातले. परंतु १.५ मालिकेपर्यंतच्या आवृत्त्यांचा जुना मुक्त परवाना तसाच राहिला. त्याच जुन्या आवृत्तीवरून समाजाने 'ओपनटोफू' नावाची स्वतंत्र शाखा उभी केली. जुनी आवृत्ती येथे अडगळ ठरली नाही, ती नव्या रोपाचे बी ठरली.

दुसरी : परवाना पुरवठ्याचे बंधन फारसे घालत नाही. बहुतेक मुक्त परवान्यांत 'आहे तसे घ्या, हमी नाही' असे स्पष्ट म्हटलेले असते. जीपीएलमध्ये मात्र मर्यादित बंधन आहे. यंत्राला कळेल असे तयार रूप कोणाला दिले, तर त्याचा स्रोतही मिळण्याची सोय करावी लागते. स्रोत नंतर देण्याचे लेखी आश्वासन देण्याचा मार्ग निवडला, तर ते किमान तीन वर्षे पाळावे लागते.

तिसरी : हे बंधन सामान्यतः ज्याला तयार रूप दिले त्याच्यापुरते असते, साऱ्या जगासाठी नसते. जून २०२३ मध्ये 'रेड हॅट' कंपनीने आपल्या व्यावसायिक लिनक्स प्रणालीचा स्रोत सर्वांसाठी मांडणे थांबवले आणि तो ग्राहकांपुरता ठेवला. सर्वांसाठी उरला तो 'सेंटओएस स्ट्रीम' हा पुढील आवृत्तीचा प्रवाह. त्यावरून मोठा वाद झाला. कंपनीने परवान्याची अक्षरे पाळली पण आशय सोडला, असे टीकाकारांचे म्हणणे. दुसऱ्याच्या श्रमाची केवळ नक्कल करून विकणाऱ्यांना आम्ही साहाय्य का करावे, असे कंपनीचे म्हणणे.

यावरून एक निष्कर्ष निघतो. जुनी आवृत्ती वापरण्याचा अधिकार आणि ती आयती मिळण्याचा अधिकार हे दोन वेगळे अधिकार आहेत. पहिला परवाना देतो. दुसरा कोणी तरी श्रम आणि पैसा खर्च केल्यासच मिळतो. बहुतेक भांडणे हे दोन एकच समजण्यातून उद्भवतात.

४.६ मध्यम मार्ग

गेल्या काही वर्षांत या पेचावर काही व्यवहार्य उपाय रूढ झाले आहेत.

(१) काढण्याऐवजी मागे ठेवणे : रस्ट भाषेच्या भांडारात आणि पुढे पायपीआयमध्येही, आवृत्ती 'यँक' करण्याची सोय आहे. अशी आवृत्ती नव्याने येणाऱ्याला आपोआप दिली जात नाही, पण जिने तिचाच नेमका क्रमांक नोंदवून ठेवला आहे अशा जुन्या रचनेला ती मिळत राहते. दुकानदार वस्तू दर्शनी फळीवरून काढतो, पण जुन्या गिऱ्हाइकासाठी आतून आणून देतो, तसाच हा प्रकार.

(२) स्वतंत्र अभिलेखागार : 'डेबियन' या लिनक्स प्रणालीने २००५ पासूनच्या आपल्या भांडाराची दिनांकवार रूपे जतन केली आहेत. फ्रान्सच्या 'इन्रिया' या संशोधनसंस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलेला 'सॉफ्टवेअर हेरिटेज' हा प्रकल्प युनेस्कोच्या सहकार्याने जगभरचा मुक्त स्रोत गोळा करतो. जतन करण्याचा भार यामुळे एकट्या सांभाळणाऱ्यावर राहत नाही.

(३) पूर्वसूचना : आवृत्तीची निगराणी कधी संपेल हे आधी जाहीर करणे. पायथन भाषेच्या दुसऱ्या पिढीची निगराणी १ जानेवारी २०२० रोजी संपली, पण ती तारीख कित्येक वर्षे आधीच जाहीर होती आणि त्या आवृत्त्या आजही उतरवून घेता येतात. निगराणी थांबवणे आणि वस्तू नाहीशी करणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या उदाहरणातून दिसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न ३
(अ) 'यँक' केलेली आवृत्ती आणि काढून टाकलेली आवृत्ती यांत काय फरक आहे?

४.७ मराठीच्या अभ्यासकाच्या दृष्टीने

आपण मराठी साहित्याचे विद्यार्थी आहात. त्यामुळे जुन्या पाठाचे मोल आपल्याला सांगावे लागू नये. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कोणी भर घालू नये, असे बजावले. ते काम मोठेच होते. तरीही सव्वातीनशे वर्षांनंतर, १९०९ साली, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना एकनाथपूर्व वाटलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापावीशी वाटली. त्यांच्या पोथीच्या प्राचीनतेविषयी पुढे मतभेद झाले. पण असा वाद होऊ शकला, याचे कारण शुद्ध प्रत आल्यावरही वेगळे पाठ असलेल्या पोथ्या कोणाच्या तरी घरी कापडात बांधून राहिल्या होत्या. दुरुस्ती कितीही अधिकारी पुरुषाने केलेली असो, दुरुस्तीपूर्वीचा पाठ उपलब्ध असल्याखेरीज त्या दुरुस्तीचे मूल्य आपल्याला कळत नाही.

मात्र त्या पोथ्या टिकल्या त्या आपोआप नव्हेत. कोणी तरी त्या उन्हाला दाखवल्या, वाळवीपासून जपल्या. ते श्रम करणाऱ्यांची नावे बहुधा आपल्याला माहीत नाहीत. आज्ञावली सांभाळणाऱ्याकडून जुनी आवृत्ती मागताना हे भान ठेवावे.

आपण प्रकल्प वा प्रबंध लिहिताना पुढील चार गोष्टी पाळाव्यात :
१. वापरलेल्या प्रत्येक आज्ञावलीचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि ती उतरवून घेतल्याचा दिनांक नोंदवावा.
२. परवाना अनुमती देत असल्यास त्या आवृत्तीची प्रत आपल्या साहित्यासोबत जतन करावी.
३. मूळ मजकूर आणि आकडेवारी कोणत्याही साधनाने उघडेल अशा साध्या स्वरूपातही ठेवावी.
४. चूक आढळल्यास सांभाळणाऱ्याला नम्रपणे, उदाहरणासह कळवावे. मराठीतील चूक मराठी जाणणाऱ्यानेच कळवली पाहिजे.

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. ती जुनी आवृत्ती शेवटी आमच्याच महाविद्यालयातील एका बंद पडत आलेल्या संगणकावर सापडली. विद्यार्थिनीने तिच्यावर कोष्टक पुन्हा काढून दाखवले. ते प्रबंधाशी जुळले. मग तिने प्रबंधाला एक परिशिष्ट जोडले. डावीकडे जुन्या आवृत्तीचे आकडे, उजवीकडे नव्याचे, आणि खाली फरकाचे कारण. परीक्षकांना सबंध प्रबंधात ते परिशिष्ट सर्वाधिक आवडले. तिने त्याचीच एक प्रत आज्ञावली सांभाळणाऱ्यालाही पाठवली. काही आठवड्यांनी त्याने जुनी आवृत्ती पुन्हा मांडली, 'वापरू नये, केवळ पडताळणीसाठी' अशा शेऱ्यासह.

४.८ सारांश

मुक्तस्रोत परवाना आज्ञावली वापरण्याचे, बदलण्याचे आणि वाटण्याचे स्वातंत्र्य देतो, पण ती कायम पुरवण्याची हमी देत नाही. आज्ञावल्या परस्परांच्या विशिष्ट आवृत्त्यांवर अवलंबून असल्याने एखादी जुनी आवृत्ती नाहीशी झाल्यास दूरवर परिणाम होतात. २०१६, २०२२ आणि २०२५ मधील उदाहरणांत त्याची कारणे अनुक्रमे निषेध, थकवा आणि व्यवसाय ही होती. सुरक्षा आणि श्रम हे सांभाळणाऱ्याचे, तर स्थैर्य आणि पडताळणी हे वापरणाऱ्याचे प्रमुख युक्तिवाद आहेत. आवृत्ती नष्ट न करता मागे ठेवणे, स्वतंत्र अभिलेखागारे उभारणे आणि पूर्वसूचना देणे हे त्यांतील मध्यम मार्ग होत.

४.९ पारिभाषिक शब्द

आज्ञावली – संगणकाला दिलेल्या सूचनांचा संच, सॉफ्टवेअर.
मुक्तस्रोत – ज्याचा मूळ लेखी स्रोत पाहण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा आहे असा, ओपन सोर्स.
भांडार – जेथून आज्ञावलीचे घटक उतरवून घेतले जातात ते सामायिक ठिकाण.
शाखा – मूळ आज्ञावलीच्या प्रतीवरून स्वतंत्रपणे पुढे नेलेली आज्ञावली.
अभिलेखागार – जुने दस्तऐवज वा आवृत्त्या जतन करण्याचे ठिकाण.

४.१० स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. (अ) चालवणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे. (आ) एका आज्ञावलीचे काम दुसऱ्या घटकावर विसंबून असणे.
२. (अ) नव्या प्रतीचा आवृत्ती-क्रमांक १.०.० होता, अनेक प्रकल्पांनी ०.०.३ हीच आवृत्ती मागितली होती. (आ) बांधणीचा स्रोत मुक्त राहिला. ठरावीक आवृत्त्या तयार स्वरूपात व निगराणीसह मिळण्याची सेवा सशुल्क झाली.
३. (अ) 'यँक' केलेली आवृत्ती नव्याने आपोआप दिली जात नाही, पण तिचा नेमका क्रमांक मागणाऱ्यास मिळते. काढून टाकलेली आवृत्ती कोणालाच मिळत नाही.

४.११ सरावासाठी स्वाध्याय

१. "जुनी आवृत्ती वापरण्याचा अधिकार आणि ती आयती मिळण्याचा अधिकार हे वेगळे आहेत." या विधानाची चर्चा उदाहरणांसह करा.
२. ग्रंथाची जुनी आवृत्ती आणि आज्ञावलीची जुनी आवृत्ती यांतील साम्यभेद स्पष्ट करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपण किंवा आपल्या कार्यालयात मराठी लेखनासाठी वापरल्या जाणाऱ्या तीन आज्ञावल्यांची नावे, आवृत्ती-क्रमांक आणि परवाने यांची नोंद करा. 'आचार्यास' व 'आचाऱ्यास' हे शब्द त्यांत टंकून, शोध घेताना त्या दोन्हींत भेद करतात काय, हे तपासा.